सेप्टिक फेल झालंय? मॅसॅच्युसेट्सचं १८,००० डॉलरपर्यंतचं टॅक्स क्रेडिट घेतलंत का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी मॅसॅच्युसेट्समधून आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न सेप्टिकचे आहेत आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आपली मंडळी वेस्टफर्ड, अ‍ॅक्टन, सडबरी, हॉपकिंटन अशा गावांत घरं घेतात, शाळा चांगल्या म्हणून, झाडी आहे म्हणून, आणि तिकडे कितीतरी घरांना गावाची सीवर लाइन, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी, नसते, मागच्या लॉनखाली स्वतःची सेप्टिकची टाकी आणि स्वतःचं लीच फील्ड, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायचे चर, असतं. आयुष्यभर अपार्टमेंटमध्ये राहिलेल्या माणसाला हे घर घेताना कोणीतरी सांगतं, आपण मान डोलावतो आणि विसरून जातो. मग एक दिवस तळघरातलं टॉयलेट गुडगुडायला लागतं. आमच्याकडे हेच झालं होतं म्हणून आज जरा सविस्तर लिहिते, आणि एकाच विषयाचे प्रश्न एकत्र घेतलेत.

प्रश्न: आम्ही घर विकायला काढलं म्हणून टायटल फाइव्ह इन्स्पेक्शन (राज्याच्या नियमाप्रमाणे सेप्टिकची तपासणी) केलं तर सिस्टीम फेल. विकायचा बेत आता रद्द केलाय, इथेच राहणार आहोत, पण नवीन सिस्टीमचं कोटेशन ४२,००० डॉलर आलंय. एवढा खर्च घरावर होतोय तर टॅक्समध्ये काहीच सवलत नाही का? ऑफिसमधला एकजण म्हणाला ६,००० मिळतात. (एक वाचक, वेस्टफर्ड)

उत्तर: मिळतात, आणि ६,००० नाही, १८,००० पर्यंत मिळतात. तुमच्या ऑफिसमधल्या माणसाचं चुकलेलं नाही, त्याने जुना नियम सांगितला. आधी खर्चाच्या ४० टक्के क्रेडिट होतं, वर्षाला जास्तीत जास्त १,५०० आणि एकूण ६,०००. गव्हर्नर मॉरा हीली यांनी ४ ऑक्टोबर २०२३ ला जो टॅक्स रिलीफचा कायदा सही केला त्यात हे बदललं, आणि २०२३ च्या टॅक्स वर्षापासून ६० टक्के, वर्षाला ४,००० आणि एकूण १८,००० असं झालं. जुने आकडे अजून लोकांच्या तोंडात बसलेत आणि त्यामुळे कितीजण "एवढ्याशा पैशांसाठी कुठे फॉर्म भरायचा" म्हणून सोडून देतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

हिशोब असा. खर्च कितीही होऊ दे, ३०,००० पर्यंतचाच धरतात. तुमचं बिल ४२,००० झालं तरी हिशोबाला ३०,०००, त्याचे ६० टक्के म्हणजे १८,०००. हे एकदम मिळत नाहीत, पहिल्या वर्षी ४,००० आणि उरलेले पुढच्या पाच वर्षांत न्यायचे, म्हणजे तुमच्या बाबतीत चार वर्षं ४,००० आणि पाचव्या वर्षी २,००० की झालं पूर्ण. बिल २२,००० चं असतं तर क्रेडिट १३,२०० आलं असतं, तीन वर्षं ४,००० आणि चौथ्या वर्षी १,२००. आणि हे क्रेडिट आहे, डिडक्शन नाही, हा फरक लक्षात घ्या, डिडक्शनने उत्पन्न कमी होतं आणि त्यावरचा ५ टक्के टॅक्स वाचतो, क्रेडिटने टॅक्समधूनच डॉलरला डॉलर कमी होतात. ४,००० चं क्रेडिट म्हणजे स्टेटला ४,००० कमी द्यायचे, सरळ.

अटी काय तर घर मॅसॅच्युसेट्समध्ये पाहिजे, तुमच्या मालकीचं पाहिजे, तुम्ही तिथे कायमचे राहत असायला पाहिजे आणि तुम्ही दुसऱ्या कोणाच्या रिटर्नवर डिपेंडंट नसायला पाहिजे. आणि सिस्टीम फेल झालेली पाहिजे. ती जुनी झाली, कधीही जाईल अशी भीती वाटते, म्हणून बदलली तर हे क्रेडिट नाही.

आता फेल म्हणजे काय हे कितीजणांना माहीत नसतं म्हणून सांगते. टायटल फाइव्ह हा राज्याचा सेप्टिकचा नियम, आत्ताचं त्याचं रूप १९९५ चं. त्यात फेल होण्याची कारणं लिहिलेली आहेत, सांडपाणी घरात उलटं येणं, लॉनवर साचणं, जुन्या सेसपूलमध्ये (सांडपाणी मुरवायच्या खड्ड्यात) पाणी आत येणाऱ्या पाइपच्या खाली सहा इंचांच्या आत पोचणं वगैरे. आमच्याकडे इन्स्पेक्टरने आधी टाकी उघडली, ती ठीक होती. मग तो टाकीपासून थोडं पुढे गेला, फावड्याने हातभर खणलं आणि काँक्रीटचं एक छोटं झाकण उचललं, तो डी-बॉक्स, म्हणजे टाकीतून आलेलं पाणी ज्यातून वेगवेगळ्या चरांत वाटलं जातं ती पेटी. त्यात पाणी बाहेर जायच्या पाइपांची तोंडं दिसायला हवीत. आमची दिसतच नव्हती, पाणी त्यांच्या वर चढून बसलं होतं, काळं आणि अगदी स्थिर. त्याने आत टॉर्च मारला, मला वाकून बघायला सांगितलं आणि म्हणाला, खाली मुरत नाहीये, फील्ड गेलं. त्या ऑगस्टमध्ये सगळ्या गल्लीतली लॉन्स पिवळी पडली होती आणि आमचा मागचा एक पट्टा हिरवागार, मी शेजारणीला कौतुकाने दाखवलाही होता! तो पट्टा बरोबर फील्डच्या डोक्यावर होता.

एक तारीख विसरू नका. फेल कळल्यापासून साधारणपणे दोन वर्षांत सिस्टीम दुरुस्त करावी लागते, धोका जास्त असेल तर गावाचं बोर्ड ऑफ हेल्थ (आरोग्य मंडळ) त्याआधीही करायला लावू शकतं. घर विकायचा बेत रद्द केला म्हणून फेलचा रिपोर्ट रद्द होत नाही, इन्स्पेक्टरला तो ३० दिवसांत बोर्ड ऑफ हेल्थला द्यावाच लागतो.

प्रश्न: आमची सिस्टीम तुंबते म्हणून दर दोन-अडीच महिन्यांनी टाकी उपसून घेतो. उपसणारा म्हणतो इन्स्पेक्शनच्या भानगडीत पडू नका, मी येत जाईन. ह्या उपसण्याच्या बिलांवर क्रेडिट मिळेल का? (एक वाचक, अ‍ॅक्टन)

उत्तर: नाही मिळणार. क्रेडिट आहे ते फेल झालेल्या सिस्टीमच्या डिझाइनच्या आणि बांधकामाच्या खर्चावर. उपसा ही देखभाल झाली.

पण तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा टाकी उपसावी लागत असेल आणि कारण पाइप तुंबणं नसेल तर ते स्वतःच फेल असल्याचं लक्षण धरलं जातं. तुम्ही वर्षाला पाच-सहा वेळा पैसे देताय, त्यातला एक डॉलर परत येणार नाहीये, आणि खालचं फील्ड दर महिन्याला अजून बिघडतंय. तेच इन्स्पेक्शन करून घेतलंत आणि फेल आलं तर त्याच कागदापासून तुमचा क्रेडिटचा हक्क सुरू होतो. लोक फेल या शब्दाला घाबरतात, मीही घाबरले होते, पण टॅक्सच्या दृष्टीने तो शब्द तुमच्या बाजूचा आहे.

आणि अजून एक, तुमच्याकडे किंवा शेजाऱ्यांकडे विहीर आहे का? अशा गावांत बऱ्याच घरांना पिण्याचं पाणी स्वतःच्या बोअरचं असतं. टायटल फाइव्हमध्ये लीच फील्ड आणि विहीर यांत १०० फूट अंतर ठेवायला सांगितलंय, टाकी आणि विहीर यांत ५० फूट. फील्डच्या तळापासून भूजलापर्यंत निदान चार फूट माती लागते, आणि वाळू असेल, पाणी पटकन खाली जात असेल, तर पाच फूट. ती माती म्हणजेच गाळणी आहे, तिच्यातले जिवाणू आपल्या मैल्यातले जंतू मारतात. फील्ड तुडुंब भरलं की माती गाळायचं काम नीट करत नाही आणि ते पाणी कुठे ना कुठे जातंच. शेजारच्या घरात लहान बाळ असेल आणि त्याचं दूध त्या पाण्यात कालवत असतील, एवढा विचार करा आणि प्लीज इन्स्पेक्शन करून घ्या. विहिरीचं पाणी पण तपासून घ्या, जिवाणू आणि नायट्रेट दोन्ही.

प्रश्न: आमचं काम २०२४ मध्ये पूर्ण झालं. सीपीएने (टॅक्स भरून देणाऱ्या अकाउंटंटने) विचारलं नाही, आम्हाला माहीत नव्हतं, रिटर्न तसंच गेलं. आता गेलं का ते क्रेडिट? आणि कागद काय काय लागतात? (एक वाचक, सडबरी)

उत्तर: गेलं नाही, पण अजून वेळ घालवू नका. रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांत सुधारित रिटर्न भरता येतं, एप्रिल २०२५ मध्ये भरलं असेल तर एप्रिल २०२८ पर्यंत. घाई अशासाठी म्हणते की क्रेडिट सुरू होतं ते काम ज्या वर्षी पूर्ण झालं त्या वर्षापासून आणि पुढची पाच वर्षं तिथूनच मोजायची, तुम्हाला कळलं त्या वर्षापासून नाही. २०२४ चं पहिलं वर्ष रिकामं सोडलंत तर सहांतलं एक वर्ष हातचं जायचं. २०२४ चं रिटर्न सुधारा आणि मग पुढच्या वर्षांचं ओळीने पुढे आणा.

फॉर्मचं नाव शेड्यूल एससी, हे तुमच्या सीपीएला असंच सांगा. हे स्टेटचं शेड्यूल आहे, फेडरलमध्ये असं काही नाही म्हणून बाकीचं सगळं विचारून झाल्यावर हे राहून जातं, बिचारे सीपीए तरी काय करतील, तुमच्या लॉनखाली काय झालंय ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कुठून कळणार. सॉफ्टवेअरने स्वतः भरत असाल तर स्टेटच्या क्रेडिट्सच्या भागात जाऊन शोधा.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचं सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स. हे गावाचं बोर्ड ऑफ हेल्थ देतं, काम संपल्यावर, सिस्टीम मंजूर नकाशाप्रमाणे बसलीये हे बघून. कंत्राटदार खड्डा बुजवून, बी पेरून निघून जातो, शेवटचा चेक घेऊन जातो, आणि पाठीमागे इंजिनीअरने अ‍ॅज-बिल्ट नकाशा (प्रत्यक्षात काय कुठे बसवलं त्याचा) दिलेला नसतो म्हणून सर्टिफिकेट अडकून पडतं, हे फार होतं. आमचं सात आठवडे अडकलं होतं, मी दर सोमवारी फोन करायचे, आणि त्यात डिसेंबर संपत आला होता. म्हणून माझा सल्ला, शेवटचा हप्ता सर्टिफिकेट हातात आल्यावर द्यायचा असं कंत्राटातच लिहून घ्या.

बाकी फेलचा इन्स्पेक्शन रिपोर्ट, इंजिनीअरचं डिझाइनचं बिल, माती तपासणीचं, पर्क टेस्टचं (पाणी मातीत किती पटकन मुरतं त्या चाचणीचं) बिल, परमिट, कंत्राटदाराची बिलं आणि तुम्ही पैसे दिल्याचे पुरावे. बिलं फोडून मागा. एकाच बिलात सेप्टिक, ड्राइव्हवे आणि पॅटिओ सगळं घातलेलं असेल तर सेप्टिकचे किती हे नंतर कोण सांगणार.

प्रश्न: आम्ही दोघं सत्तरीच्या पुढची. मिळकत म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि थोडं पेन्शन-व्याज. मॅसॅच्युसेट्सचा टॅक्स वर्षाला १,८०० च्या आसपास बसतो. सेप्टिक फेल, एवढे पैसे एकदम काढणं जड आहे. गावाकडून बेटरमेंट लोन मिळतं म्हणे, ते घेतलं तर क्रेडिट जातं का? (एक आजोबा, हॉलिस्टन)

उत्तर: काका, लोन घेतलं म्हणून क्रेडिट जात नाही, कर्ज तुम्हालाच फेडायचंय म्हणजे खर्च तुमचाच. फक्त राज्याकडून व्याजात सूट किंवा ग्रँट मिळाली असेल तर ती रक्कम क्रेडिटच्या हिशोबात वजा करावी लागते, म्हणून लोनचे कागद सीपीएला दाखवा.

बेटरमेंट लोन तुमच्यासारख्यांना खरंच सोयीचं आहे. राज्याच्या योजनेतून गावाला पैसे मिळतात, गाव घरमालकाला कमी व्याजाने देतं, साधारण २ ते ५ टक्के, वीस वर्षांपर्यंत मुदत असू शकते, आणि हप्ता प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातच येतो. गावाचा घरावर बोजा चढतो एवढं लक्षात ठेवा. सगळ्या गावांत ही योजना चालू असतेच असं नाही म्हणून बोर्ड ऑफ हेल्थमध्ये जाऊन विचारा, फोनपेक्षा जाऊनच, तिथल्या बायका-माणसं बसवून समजावून सांगतात असा माझा अनुभव आहे.

आता जरा कटू भाग. हे क्रेडिट रिफंडेबल नाही. म्हणजे तुमचा टॅक्स जेवढा आहे तेवढाच ते शून्यावर आणतं, त्याच्या वरचे पैसे हातात देत नाही. तुमचा टॅक्स १,८०० असेल तर ४,००० ची मर्यादा असली तरी त्या वर्षी १,८०० च वापरले जाणार आणि उरलेले पुढे जाणार. पहिलं वर्ष आणि पुढची पाच, सहा वर्षांत मिळून १०,८००. तुमचं क्रेडिट १८,००० बसलं तर उरलेले ७,२०० वाया जाणार. मला हा नियम पटत नाही, ज्याची मिळकत चांगली त्याला पूर्ण १८,००० आणि ज्याला खरी गरज त्याला निम्म्याच्या जरा वर, पण आज नियम हा आहे आणि तुम्ही आधीच माहीत असून ठरवावं म्हणून स्पष्ट लिहिलं. एक मार्ग सीपीएशी बोलून बघा, पुढच्या सहा वर्षांत काही शेअर्स किंवा जागा विकायची असेलच, म्हणजे एखाद्या वर्षी टॅक्स जास्त येणारच असेल, तर ते ह्या सहा वर्षांच्या आत बसतंय का. क्रेडिटसाठी म्हणून मुद्दाम काही विकू नका मात्र.

आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी सर्किट ब्रेकर नावाचं वेगळं क्रेडिट आहे, उत्पन्नाच्या मानाने प्रॉपर्टी टॅक्स जास्त पडत असेल त्यांच्यासाठी, ते रिफंडेबल आहे. त्याचं शेड्यूल सीबी. ते घेताय ना? नसाल तर हेही विचारा, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

प्रश्न: आमचं केप कॉडला फालमथमध्ये उन्हाळ्याचं घर आहे, तिथला सेसपूल फेल झाला. राहतो बेलमाँटला. क्रेडिट? (एक वाचक)

उत्तर: नाही. मुख्य राहतं घर पाहिजे, आणि उन्हाळ्यात दोन महिने राहणं म्हणजे मुख्य घर नाही. तेच घर वर्षभर भाड्याने दिलेलं असतं तर हिशोब वेगळा, मग दुरुस्ती भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते आणि पूर्ण नवीन सिस्टीम बसवली तर खर्च एकदम नाही, डेप्रिसिएशनने थोडा थोडा.

प्रश्न: घर आईच्या नावावर आहे, ती तिथेच राहते, मी पण तिच्याबरोबर. सेप्टिकचे सगळे पैसे मी दिले. मी आईला डिपेंडंट दाखवतो. क्रेडिट कोणी घ्यायचं? (एक वाचक, हॉपकिंटन)

उत्तर: अशा परिस्थितीत दोघांनाही मिळत नाही आणि हे कळल्यावर तुम्हाला किती वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. तुम्ही मालक नाही आणि आई मालक आहेत पण तुमच्या डिपेंडंट आहेत. काम अजून सुरू झालेलं नसतं तर मी म्हटलं असतं की आधी वकिलाकडे जाऊन मालकीचं बघा, पण घर नावावर करण्याचे गिफ्ट टॅक्सचे, पुढे विकतानाचे आणि आईंच्या म्हातारपणच्या मेडिकेडचे परिणाम १८,००० पेक्षा मोठे असू शकतात, म्हणून निव्वळ ह्यासाठी नाव बदलू नका. ज्या वाचकांकडे अशीच मांडणी आहे आणि सिस्टीम अजून चालू आहे त्यांनी मात्र आत्ताच, शांतपणे, वकिलाशी बोलून ठेवा.

प्रश्न: आमच्या रस्त्यावर गावाची सीवर लाइन येतेय. सेप्टिक चांगलं चाललंय पण जोडून घ्यायचा खर्च बराच आहे. त्यावर मिळतं का? (एक वाचिका, केप कॉड)

उत्तर: कधी मिळतं, कधी नाही, आणि ते गाव ही लाइन का टाकतंय त्यावर आहे. फेडरल किंवा राज्याच्या कोर्टाचा आदेश असेल, कन्सेंट डिक्री (दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेला कोर्टाचा हुकूम) असेल, सरकारी खात्याशी झालेला कन्सेंट ऑर्डर असेल किंवा तशीच सक्ती असेल, आणि त्यामुळे तुम्हाला जोडावं लागत असेल, तर तो खर्च ह्याच क्रेडिटमध्ये बसतो. गावाने आपणहून सोय केली आणि तुम्ही आपणहून जोडून घेतलं तर नाही. गावाच्या सीवर विभागाला एकच प्रश्न विचारा, हा प्रोजेक्ट कुठल्या आदेशाखाली आहे, आणि उत्तर लेखी घ्या. ते पत्र रिटर्नच्या फाइलमध्ये ठेवा.

प्रश्न: पहिलंच घर घेतोय. सेप्टिक फेल आहे हे विकणाऱ्याने सांगितलंय. तो म्हणतो क्लोजिंगला (घर नावावर होताना) पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात, ठेवतो, तुम्ही त्यातून करून घ्या. एजंट म्हणते दोन्ही सारखंच, किंमत कमी करा नाहीतर एस्क्रो करा. खरंच सारखं आहे का? (एक तरुण जोडपं)

उत्तर: टॅक्ससाठी सारखं नाही! कायद्यात खर्च मोजतात तो करदात्याचा प्रत्यक्ष खर्च. विकणाऱ्याने बाजूला ठेवलेल्या पैशातून कंत्राटदाराचं बिल गेलं तर तुमच्या खिशातून काय गेलं? आणि विकणारा तर घर सोडून गेलेला, तो तिथे राहत नाही. म्हणजे क्रेडिट दोघांच्या मधेच पडून जातं. त्यापेक्षा किंमत कमी करून घेतलीत, घर तुमच्या नावावर झालं, तुम्ही राहायला गेलात आणि मग स्वतःच्या पैशाने काम केलंत, तर तो खर्च तुमचा.

पण नुसतं टॅक्सवर ठरवू नका. किंमत कमी केली तर हातात रोख पैसे राहत नाहीत, डाउन पेमेंट करून खिसा रिकामा झालेला असतो आणि वर सेप्टिकचे तीस-चाळीस हजार उभे करायचे, आणि बँक पण फेल सिस्टीमवर कर्ज देताना एस्क्रोचा आग्रह धरू शकते. म्हणून आधी लेंडरला विचारा, गावात बेटरमेंट लोन मिळतं का बघा, मग विकणाऱ्याशी बोला. आणि सही करायच्या आधी इंजिनीअरला जागेवर न्या. जागा लहान, भूजल वर, शेजारी विहीर, असं असेल तर साधी सिस्टीम बसत नाही, माती भरून उंच टेकाड करावं लागतं, पंप बसवावा लागतो, खर्च कुठच्या कुठे जातो. बेडरूम मोजून सिस्टीमचा आकार ठरतो, एका बेडरूमला दिवसाला ११० गॅलन, तेव्हा चार बेडरूमचं घर म्हणून जाहिरात असेल आणि बोर्ड ऑफ हेल्थच्या फाइलमध्ये तीन बेडरूमचं सेप्टिक असेल तर ते क्लोजिंगच्या आधी कळलेलं बरं. ती फाइल कोणालाही बघता येते, जाऊन बघा.

प्रश्न: फेडरलमध्ये खरंच काही नाही का? आणि बेटरमेंटचा हप्ता प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात येतो तर तो शेड्यूल ए मध्ये (फेडरल डिडक्शनच्या यादीत) टाकतो, बरोबर ना? (एक वाचक, वेलँड)

उत्तर: दुसऱ्याचं आधी, बरोबर नाही. बिल एक आलं तरी त्यातला बेटरमेंटचा मुद्दलाचा भाग प्रॉपर्टी टॅक्स नाही, तो तुमच्या घराच्या सुधारणेचा खर्च आहे, शेड्यूल ए मधून काढा. बिलावर ती ओळ वेगळी छापलेली असते.

पहिल्याचं, राहत्या घराच्या सेप्टिकवर फेडरल डिडक्शन किंवा क्रेडिट नाही. पण पूर्ण नवीन सिस्टीम ही आयआरएसच्या हिशोबात घराची सुधारणा धरली जाते आणि घराच्या बेसिसमध्ये, म्हणजे टॅक्ससाठी धरायच्या घराच्या मूळ किमतीत, मिळवता येते. घर विकताना नफा कमी दिसतो. एकट्याला २,५०,००० आणि नवरा-बायकोला ५,००,००० पर्यंतचा नफा अटी पाळल्या तर माफ असतो म्हणून लोक म्हणतात काय करायचंय बेसिस, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरांचा नफा आता सहज त्याच्या पुढे गेलाय, तेव्हा सेप्टिकची बिलं टॅक्सच्या फाइलमध्ये नका ठेवू, घराच्या फाइलमध्ये ठेवा, घर विकेपर्यंत. टॅक्सच्या फाइली आपण सात वर्षांनी श्रेडरमध्ये घालतो, आमच्या घरी स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाची बिलं अशीच गेली. सेप्टिकची मात्र मी एका निळ्या फोल्डरमध्ये ठेवलीयेत, वर सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स, त्याखाली अ‍ॅज-बिल्ट नकाशा, आणि त्या नकाशावर घराच्या दोन कोपऱ्यांपासून टाकीच्या झाकणापर्यंतची अंतरं फुटांत लिहिलेली आहेत, म्हणजे पुढच्या वेळी उपसणारा आला की लॉन उगाच खणायला नको.